फाटकाशेजारचा दगड

आमच्या फाटकाच्या डाव्या अंगाला एक दगड आहे. काळसर, चपटा, गुडघ्याहून जरा कमी उंचीचा. भाजीवाली त्याच्यावर टोपली टेकवते, पोस्टमन पाय ठेवून चपलेतला खडा काढतो, आणि थंडीच्या दिवसांत शेजारचं मांजर सकाळचं ऊन खायला तिथे येऊन बसतं. सूनबाई दिवाळीत त्याच्यापुढे पणती लावते. जुन्या माणसांनी ठेवलाय म्हणजे देवच असणार, अशी तिची समजूत. मी ती कधी खोडून काढली नाही. पणती लागलेली मला आवडते, आणि खरं सांगायची सोय नव्हती.

परवा मुलाने फाटक रुंद करायला काढलं. मोटार आत यायला उतार पाहिजे. गवंडी लोखंडी सब्बल घेऊन आला, दगडाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "आजी, हा गोटा काढून टाकू ना? मधातच येऊन राह्यला."

"थांब जरा," मी म्हटलं.

"काऊन?"

काऊन ते मला सांगता येईना. हे व्हरांड्यात आरामखुर्चीवर डोळे मिटून बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येतं, निदान त्यांना नको ते तरी ऐकू येत नाही. मी गवंड्याला म्हटलं, "आधी चहा घे." आत जाऊन आधण ठेवलं. पाणी उकळलं, निम्मं आटलं, आणि मी हातात साखरेचा डबा धरून तशीच उभी. चांद्याच्या त्या स्वयंपाकघरातून मी केव्हाच बाहेर पडले होते. आल्लापल्लीच्या पुढे सागाची वाळकी पानं सायकलच्या चाकाखाली कुरकुर वाजत होती.

हे मला पाहायला आले तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. आमचं गाव मूल नावाच्या गावाकडचं, धानाच्या मुलखातलं. धान खळ्यावर येऊन पडलं होतं, गावभर तणसाचा वास सुटला होता, आणि शेतांमध्ये लाखोळीची निळी फुलं उमलली होती. हे चांद्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. चांद्याहून सायकलवर आले होते. बैठकीत सगळ्यांच्या मधोमध बसले, पण पॅंटच्या पायाला लावलेला सायकलचा चिमटा काढायचं विसरले. मी दाराआडून पाहिलं ते पहिल्यांदा तो चिमटा आणि मग त्यांचे लाल झालेले कान. तेवढ्याने माझं काम झालं. मला हाच माणूस पाहिजे होता.

त्याआधी जे येऊन गेले त्यांनी स्वयंपाक विचारला, शिवण विचारलं, एकाने तर दात मोजायचेच बाकी ठेवले. यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एकच विचारलं.

"सायकल चालवता येते का?"

आमच्या बाबांना ठसका लागला. मी म्हटलं, "येते."

सायकलला माझा हातसुद्धा कधी लागला नव्हता.

"मले अशीच पाह्यजे होती," हे बाबांना म्हणाले. "दोन ठिकाणी नाई म्हटलं म्हणून मी परत आलो. मले फिरायचा नाद आहे. सिरोंच्यापर्यंतचा सारा मुलूख माह्या पायाखालचा आहे. दरसाल जातो. डोळे बांधून सोडा, गोदावरीच्या काठी जाऊन उभा राहीन."

म्हणजे त्या एका "येते"वर माझं लग्न ठरलं. ते खोटं होतं हे कळलं तर हा माणूस कसा माझ्याकडे पाहील, ही धास्ती त्या दिवशी पोटात शिरली ती पुढे फाल्गुनापर्यंत निघाली नाही.

पाहुणे गेले तशी मी चुलतभावाला गाठलं. गावात सायकल एक, ती त्याची. उंच दांड्याची, पुरुषांची. तो आधी दोन दिवस हसला आणि मग शिकवायला तयार झाला. रस्त्यावर शिकायची तर गावाला तमाशाच. म्हणून खळ्यापलीकडची एक रिकामी बांधी धरली. आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात, चारी बाजूंनी मातीचा धुरा, मध्ये ताटासारखी सपाट जमीन. सायकल धुऱ्याला लावायची, मी काष्टा घट्ट खोचून धुऱ्यावर उभी राहायचे, दांडीवरून पाय पलीकडे टाकून सीटवर बसायचे आणि तो ढकलून द्यायचा. धसकटांवरून दणादण हादरे खात पलीकडच्या धुऱ्यापर्यंत जायचं, तिथे पाय टेकून थांबायचं. आठ दिवसांत ढकलणं सुटलं. पंधरा दिवसांत मी बांधीत गोल फिरायला लागले. महिन्याने मला वाटायला लागलं की आता मी थेट मुंबईला जाईन.

फक्त एक राहिलं. पुरुष जसे एक पाय पायडलवर ठेवून दोनदा जमिनीला रेटा देतात आणि चालत्या सायकलवर टांग मारतात, ते मला येईना. पडून पडून कोपरं फुटली. भाऊ म्हणाला, "जाऊ दे ना बाई. धुरा कुठी नसते?"

त्या बिचाऱ्याने धानाचा मुलूख सोडून दुसरं काही पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं. जगात जिकडेतिकडे धुरे असतात असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

माघात लग्न झालं. फाल्गुनात यांनी सिरोंच्याचा बेत केला, शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांबरोबर. निघायच्या आदल्या दिवशी मास्तरांना हिवताप भरला. त्यांची सायकल आमच्या अंगणात आणून ठेवलेली, पंप बांधलेला, कॅरिअरवर सतरंजी गुंडाळलेली. हे तिच्याकडे पाहत पायरीवर बसून राहिले. त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की मला राहवेना.

"मी येते," मी म्हटलं.

म्हणून बसले, आणि लगेच शब्द मागे घ्यावासा वाटला. पण यांचे कान पुन्हा लाल झाले होते. सासूबाई आता ओरडणार म्हणून मी मान खाली घातली, तर त्या म्हणाल्या, "जाऊ दे तिले. मी तं गावच्या कोटाच्या बाहीर इरई नदीपलीकडं काय आहे तेबी पाह्यलं नाई. आल्यावर मले सांगजो वं, सगळं." आणि त्यांनी सातूचं पीठ, गुळाचा खडा आणि तिखट शेवेची पुडी बांधून दिली.

सकाळी निघताना ओटा होता, म्हणून पहिली बसणी थाटात झाली. बल्लारशाच्या पुढे गेलो. पळसाचा तो ऐन बहर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नुसती लालकेशरी फुलं, झाडांना पान म्हणून नाही. हवेत कुठून तरी मोहाचा वास यायचा, गोड आणि जरा आंबूस, आणि वाऱ्याची झुळूक फिरली की गेला. सायकलच्या चेनीची किरकिर, यांची शीळ, दूर कुठे सुतारपक्ष्याची टकटक. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण तोल जाईल म्हणून तोंड मिटून बसले होते.

मग हे पाणी प्यायला थांबले. थांबावं लागलं म्हणून मी गवतात जाऊन पडले, "फुलं पाहायला उतरले" असं म्हटलं. आता पुन्हा चढायचं कसं? धुरा नाही. आजूबाजूला पाहिलं तर वीसेक पावलांवर एक वारूळ, कमरेइतकं. सायकल हातात धरून मी तिथपर्यंत चालत गेले, वारुळाच्या बुडाशी पाय ठेवला, आणि बसून आले. यांनी काही विचारलं नाही. मी मनात म्हटलं, सुटले.

त्यानंतर मला युक्ती सापडली. सरकारने मैलामैलावर दगड रोवले होते, पांढरे, वर आकडा लिहिलेले. लोकांना ते अंतर सांगायचे. मला मात्र ते चढायला आणि उतरायलाच लावले आहेत असं वाटायचं. तहान लागो, भूक लागो, मी मधे थांबत नसे. दगड आला की हळू व्हायचं, पाय टेकायचा आणि सहज थांबल्यासारखं म्हणायचं, "किती छान जागा आहे नाई?" आश्चर्य म्हणजे यांनाही तिथेच थांबायचं असायचं. पुढे गेलेले असले तरी दगडापाशी, नाहीतर पडलेल्या झाडाच्या खोडापाशी, नाहीतर रस्त्याकडेच्या एखाद्या पारापाशी उभे. "इथून झाडी बरी दिसते," म्हणायचे. मी रानातल्या देवाचे आभार मानायचे. इतका सोयीने थांबणारा नवरा कुणाला मिळतो!

वैनगंगा आष्टीजवळ डोंग्याने ओलांडली. उभ्या झाडाचं खोड कोरून केलेला डोंगा. दोन्ही सायकली आडव्या ठेवल्या, त्यांच्या चाकांतून नदीवरचं ऊन फिरत राहिलं. डोंगेवाला म्हातारा, मासे धरणारा ढीवर होता, पाठ उन्हाने काळी तुकतुकीत झालेली.

"यातली भाऊची कोणती?" त्याने विचारलं.

"ती," मी म्हटलं. "ही माझी."

"बाप्पा! म्हंजे बाईबी चालवते? माही बायको तं बैलबंडीतबी डोळे मिटून बसते." आणि तो इतका हसला की डोंगा डुलायला लागला.

पलीकडच्या तीरावर नुसती रेती. मी सायकल डोंग्याला लावली, त्याच्या काठावर पाय ठेवला, टांग टाकली, आणि डोंगा दुसऱ्या बाजूला सरकला. मी सायकलसकट घोटाभर पाण्यात. ढीवर "माय वं!" म्हणून धावला. मी घाबरून यांच्याकडे पाहिलं. हे पाठ फिरवून, कपाळावर हात धरून नदीच्या खालच्या अंगाला पाहत उभे होते आणि मोठ्याने सांगत होते, "इथून खाली वर्धा येऊन मिळते. मंग दोघीचं नाव प्राणहिता होते. समजलं का?" समजलं, मी म्हटलं, आणि लुगडं पिळलं. भूगोलाच्या नादात यांना आपली बायको पाण्यात पडलेली दिसली नाही, याचा मला त्या वेळी भलताच आनंद झाला.

रात्री कुठल्याशा गावच्या गुरुजींच्या घरी मुक्काम, पहाटे पुन्हा रस्ता. आल्लापल्लीच्या पुढचे साग पाहून मी मान वर केली ती मानेला कळ लागेपर्यंत खाली आणली नाही. पानं गळलेली होती. थाळीएवढं एकेक पान, वाळून करकरीत झालेलं, सगळा रस्ता त्यांनी झाकून टाकलेला. दोन सायकली त्यावरून गेल्या की आवाज असा व्हायचा, जणू घरभर कोणी पापड मोडतंय. मधे ओढ्याच्या ओल्या रेतीत ठसे दिसले, माझ्या पंजाहून मोठे. मी यांना दाखवले. ते वाकून पाहून म्हणाले, "कुत्रं असन." मग पुढचे दोन मैल त्या कुत्र्याच्या भीतीने आम्ही दोघांनी असे पाय मारले की बोलायलाही दम उरला नाही.

आणि मग एक फाटा आला. हे क्षणभर थांबले, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "डावीकडं."

डावीकडची वाट आधी बैलगाडीची झाली, मग पाऊलवाट, मग चढण लागली. सायकली ढकलत चढलो. मी विचारलं, "दरसाल असेच जाता?" "हा जवळचा रस्ता आहे," ते म्हणाले. कपाळावरून घामाच्या धारा, कान लाल. वर पोचलो आणि एकदम झाडी संपली. मोकळा माळ, नजर पोचेल तिथवर वाळलेलं पिवळं गवत. मधे कुठे चारोळीचं झाड, कुठे एकटाच पळस. वरून इतकं मोठं आभाळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या गावात आभाळ तळ्याएवढंच असे. एका खडकावरून मी सायकलवर बसले आणि त्या माळावर जी सुटले! वारा कानांत घोंघावत होता, गवत पायांना चुरचुर लागत होतं, पदर सुटून पाठीमागे उडत होता. तेव्हा मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. नुसती ओरडले. मागून यांचाही आवाज आला. दोघं शिकलेली, लग्न झालेली माणसं माळावर गुरं राखणाऱ्या पोरांसारखी ओरडत सुटलो होतो.

माळ संपला तिथे जमीनच संपली. खाली खोल घळ, दोन्ही बाजूंना काळ्या खडकाच्या उभ्या भिंती, तळाशी हिरवंगार पाणी. कड्याला आग्या माशांची मोठाली मोहोळं लोंबत होती. खालून गार हवा वर येत होती, तिला ओल्या दगडाचा वास होता. हे कड्याशी उभे राहिले आणि वर्गात उभे असल्यासारखे ओरडले, "वैनगंगा!" समोरच्या खडकांनी म्हटलं, "...गंगा." "प्राणहिता!" "...हिता." "इंद्रावती!" अशी जिल्ह्यातल्या सगळ्या नद्यांची हजेरी झाली. मी हसून हसून खाली बसले.

तेवढ्यात मागे कोणी तरी हसलं. मोह वेचणारी एक गोंड बाई, पन्नाशीची असेल, डोक्यावर टोपली, गळ्यात मण्यांच्या माळा. तिने आमच्या सायकलींकडे, मग आमच्याकडे पाहिलं आणि तुटक मराठीत विचारलं, "कुठी जाते?"

"सिरोंचा," हे म्हणाले.

तिने टोपली खाली ठेवली आणि पोट धरून हसली. "सिरोंचा? इथी रस्ता नाई. इथी मोह, इथी पानी. सिरोंचा तिथी." तिने हात केला तो बरोबर आम्ही आलो त्या दिशेला.

मी यांच्याकडे पाहिलं. असा चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही. एका क्षणात मला सगळं कळलं. हा माणूस आल्लापल्लीच्या पुढे आयुष्यात आला नव्हता. "दरसाल जातो" म्हणे! वाटेत प्रत्येक गावी पाणी मागायच्या निमित्ताने पाटलाशी, गुरुजींशी बाजूला जाऊन हे जे कुजबुजायचे, ते रस्ता विचारत होते.

"म्हाईत आहे मले," हे त्या बाईला म्हणाले. "हिले ही घळ दाखवाची होती, म्हणून मुद्दाम वाकडी वाट केली."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! या लग्नात खोटं बोलणारी मी एकटी नव्हते. छातीवरचं अर्धं ओझं तिथेच त्या घळीत पडलं. मी म्हटलं, "किती आठवणीनं आणलं मले! मी तं हे कधीच पाह्यलं नसतं." आणि ते शब्दाशब्दाने खरं होतं.

त्या बाईने वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी दिलं. "येर," ती म्हणाली, म्हणजे पाणी, आणि आम्ही दोघांनी तो शब्द पाठ केल्यासारखा म्हटला. मग पळसाच्या पानाच्या द्रोणात जावा दिला, तांदळाच्या कण्यांची आंबूस पेज. तसा थंडावा पुढे कुठल्याही सरबताने मला दिला नाही. ती आम्हाला दुसऱ्या वाटेने रस्त्यापर्यंत सोडायला आली. ती पुढे, आम्ही सायकली ढकलत मागे. तिच्या गावाच्या शिवेवर एक देव होता, लाकडाचा खांब, पायाशी मातीचे घोडे आणि हिरव्या-वाळक्या डहाळ्यांचा ढीग. जो तिथून जाईल त्याने एक डहाळी वाहायची, म्हणजे त्याला जिकडे जायचं तिकडे तो नीट पोचतो. यांनी एक वाहिली. मला ठाऊक होतं यांनी काय मागितलं, उरलेला रस्ता सापडू दे. मीही एक वाहिली आणि मागितलं, माझं यांना कळू देऊ नको.

रस्त्यावर आलो तर तिथे ना दगड, ना वारूळ. मी सायकल धरून उभी. हे म्हणाले, "चाल, जरा पायी जाऊ. पाय मोकळे होतीन." मैलभर चालल्यावर एक पडलेलं खोड दिसलं. "आता बसू," ते म्हणाले. रानातला देव पावला म्हणायचं, दुसरं काय.

वाटेत आणखी दोन मुक्काम झाले. सिरोंचा जवळ आलं तसा मोहाचा वास मागे राहिला, ताडाची झाडं दिसायला लागली, आणि माणसांची भाषा बदलली. गावाबाहेर गवतात लाकडाचा मोठा ओंडका पडलेला दिसला. साल, रेषा, गाठी, सगळं जागच्या जागी. मी आनंदाने त्याच्यावर पाय ठेवला तर थंडगार दगड! झाडाचा दगड झालेला. यांनी हात फिरवून पाहिला, कान लावून पाहिला आणि पहिल्यांदा सरळ कबूल केलं, "हे मले पुस्तकातच ठाऊक होतं." तिथून पुढे ते माझ्या शेजारून सायकल चालवायला लागले, पुढून नाही.

संगमावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. प्राणहिता इकडून, गोदावरी तिकडून, आणि मधे रेतीचा एवढा विस्तार की पलीकडचा तीर म्हणजे नुसती निळी रेघ. रेतीत टरबुजाच्या वाड्या होत्या. एका तेलगू बाईने हात करून बोलावलं, "रा अम्मा, कूर्चो." बसलो. तिने दगडावर आपटून टरबूज फोडलं आणि निम्मं निम्मं आमच्या हातांत दिलं. कोपरापर्यंत रस ओघळला. यांच्या मिशीत बी अडकली होती, ती मी काढली. लग्न झाल्यापासून चारचौघांत मी यांना हात लावला तो पहिल्यांदा.

मग हे म्हणाले, "पाण्याजवळची ओली रेती टणक असते. चालवाची का?" आणि टांग मारून निघालेसुद्धा. पार लांब जाऊन वळले, पाण्याच्या कडेकडेने परत आले. मागे चाकाची एकच सरळ रेघ उमटली होती. "ये ना!"

मी सायकल धरून उभी होते. चारी दिशांना पाहिलं. नदी, रेती, आभाळ. माझ्या घोट्याहून उंच काही नव्हतं. इतक्या लांब आले, सगळा मुलूख पार केला, आणि शेवटी या सपाट जागेवर माझं पितळ उघडं पडणार होतं. म्हटलं, आता सांगून टाकावं. "अजी, ऐका ना," मी म्हटलं. "मले..."

त्यांनी सायकल रेतीत आडवी ठेवली. माझ्याकडे आले. ओल्या रेतीत एक गुडघा टेकला, दुसरा पुढे केला, आणि त्यावर हाताने दोनदा थापटलं.

"इथी गोटा कुठून आणू?" ते म्हणाले. "ठेव पाय."

मी पाहतच राहिले. "तुम्हाले कधीपासून ठाऊक आहे?"

"बल्लारशापासून. तू सायकल धरून वारुळाकडं गेली. मले वाटलं, नागोबाले नमस्कार करते. पाह्यतो तं आली ते वर बसूनच."

"अन् डोंग्यातून पडली ते?"

"तेबी पाह्यलं. म्हणून तं वर्धा नदी सांगत बसलो."

मग ते सगळे दगड मला एकामागून एक आठवले. ती खोडं, ते पार, ते "इथून झाडी बरी दिसते." रानातला देव नव्हता तो. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम येत असल्याने नाक वाहायला लागलं.

"मी खोटं बोलली तुमच्याशी," मी म्हटलं. "पाहायला आले तवा."

"अन् मी?" ते गुडघ्यावरच बसलेले. "तुले घळीपाशी समजलं ना?"

"समजलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुम्ही बोलले का?"

त्यावर ते इतके हसले की गुडघा डळमळला. मग करार झाला. त्यांनी माझं कुणाला सांगायचं नाही, मी त्यांचं कुणाला सांगायचं नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर पाय ठेवला, टांग टाकली, आणि गोदावरीच्या काठाने जी निघाले ती टरबुजाच्या वाड्या मागे पडेपर्यंत थांबले नाही. थांबायला तरी काय होतं? हेच मागून धावत आले आणि सीट धरली.

परतलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात हे इरईच्या पात्रातून बंडीत घालून हा दगड घेऊन आले. "पावसात पाय धुवाले," असं घरात सांगितलं. सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे, पण त्या नुसत्या हसल्या. त्यांना मी सगळा प्रवास सांगितला होता. घळ सांगितली, संगम सांगितला, आणि यांना रस्ता कसा तोंडपाठ होता तेही सांगितलं. चार-पाच वर्षं मी त्या दगडावरून यांच्या सायकलवर बसले, बाजाराला गेले, इरईवर गेले. "टांग मारायला शिकवू का?" असं हे अधूनमधून विचारायचे. मी नको म्हणायचे. मुलं झाली, सायकल सुटली. वैनगंगेवर पूल झाला, डोंगे गेले, मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आले, एका जिल्ह्याचे दोन झाले. त्या माळावर आणि त्या घळीशी मी पुन्हा कधी गेले नाही. वाटच ठाऊक नाही. ती चुकूनच सापडते.

चहा करून बाहेर आले. गवंड्याने चहा घेतला, कपबशी दगडावरच ठेवली आणि सब्बल उचलली. सूनबाई म्हणत होती, "अहो, देव आहे तो, मुहूर्त तरी पाहू." मुलगा म्हणत होता, "कसला देव? आई, तू सांग. हा कशासाठी आहे? काही कामाचा असेल तर ठेवू."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. करार करार असतो. मी दगडावरची कपबशी उचलली. सब्बलीचं टोक दगडाखाली गेलं.

"ए! काढू नको तो," व्हरांड्यातून आवाज आला. हे डोळे उघडून खुर्चीत सरळ बसले होते. "हिले टांग मारता येत नाई. कुठी जाणं झालं तं सायकलवर बसन कशी?"

गवंड्याने सब्बल खाली ठेवली. मग सूनबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग मुलगा. इतक्या वर्षांचा करार या माणसाने एका दगडापायी मोडला होता. माझे कान तापले.

"म्हणजे आई, सायकलवर चढता येत नव्हतं," सूनबाई हसता हसता म्हणाली, "आणि तुम्ही दोघं सिरोंच्याला गेलात कसे?"

आता पाळी माझी होती. हे माझ्याकडे पाहत होते. कान लाल, अगदी माहेरच्या बैठकीत बसले होते तसे.

"गेलो की," मी म्हटलं. "ह्यांना रस्ता ठाऊक होता ना."

त्यांनी मान खाली घातली आणि हसत हसत आपल्या गुडघ्यावर दोनदा थापटलं.